मदत हवी आहे: उभं राहिलं की बाबांचा बीपी एकदम उतरतो

नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे. बीपीची गोळी जुनीच, त्यात हल्ली प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन सुरू झालंय. तेव्हापासून पहाटे लघवीला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. परवा बाथरूमच्या दारात तोल गेला, कडी हाताला लागली म्हणून वाचले. बसून मोजला तर १२८/७६, उभं राहून दोन मिनिटांनी ९८/६२. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर दखल घ्यायची असते, आणि टॅमसुलोसिनने असं होऊ शकतं, एवढं माहीत आहे. मला चक्करेपेक्षा पडण्याची धास्ती जास्त. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणालाच खिळतो.

शेजारच्या काकू म्हणतात मीठ-साखरेचं पाणी द्या. पण मूळचा त्रास हाय बीपीचा, मीठ कसं वाढवू? गोळ्या मनाने बंद करणार नाही. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळालीय. तोवर रात्री पलंगाशेजारी युरिन पॉट ठेवलाय (बाबांना अजिबात पसंत नाही!).

कुणाच्या घरी असं झालंय का? गोळ्यांची वेळ बदलून फरक पडला? पायात घालायचे घट्ट कॉम्प्रेशन मोजे उपयोगी पडतात का? डॉक्टरांना आणखी काय विचारू?