स्वस्तातला व्हीपीएस : मुंबईचा, जर्मनीचा, की घ्यायचाच नाही?

केळकर_नाही_केळीवाला (रावेर)
राम राम मंडळी. मी आणि मोठा भाऊ केळीच्या भावांची साइट चालवतो. रावेर, सावदा, बऱ्हाणपूरचे भाव संध्याकाळी टाकले की सगळा तालुका तुटून पडतो आणि नेमकी तेव्हाच साइट बसते. शेअर्ड होस्टिंगवाले (एकच सर्व्हर अनेक साइट्सना वाटून देणारे) म्हणतात, मर्यादा संपली, वरचा प्लॅन घ्या. त्यापेक्षा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरमधला आपल्या वाट्याचा वेगळा तुकडा, घ्यावा म्हणतो. बजेट महिना ५०० रुपये, जीएसटी धरून. मुंबईत १ जीबी रॅम मिळते, तेवढ्याच पैशांत जर्मनीत ४ जीबी. चौपट रॅम कोण सोडतं? माझं मत जर्मनी.

धुळेकर_टर्मिनल
खोडं मोजून बाग घेत नाहीत भो, रास किती पडते ते बघतात. माझ्याकडून मुंबईला पिंग (निरोप जाऊन परत यायचा वेळ) २५-३० मिलिसेकंद, जर्मनीला दीडशेच्या आसपास. पान उघडायच्या आधी जोडणी, मग टीएलएस (जोडणी सुरक्षित करायची बोलणी), मग मागणी अशा तीन फेऱ्या होतात. म्हणजे जवळपास अर्धा सेकंद नुसता प्रवासात. शिवाय ४ जीबी एवढ्या स्वस्तात देणारा एकाच मशीनवर अख्खं वऱ्हाड कोंबत असेल. घेतल्यावर 'टॉप' कमांड लावा आणि 'एसटी' हा आकडा बघा (लाल डबा नव्हे). तुमच्या वाट्याचा प्रोसेसर शेजारी किती खातोय ते कळेल. आणि व्हीपीएस केव्हीएम प्रकारचाच घ्या. ओपनव्हीझेड प्रकारात कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सगळ्यांचं एकच असतं.

चोपडा_टू_पुणे
अर्ध्या सेकंदाने कुठल्या व्यापाऱ्याचा ट्रक चुकणार आहे? १ जीबीत मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस काही काम न करता चारशे एमबीच्या आसपास अडवून बसतो. साइट वर्डप्रेसवर असेल तर पान बनवणारी एकेक पीएचपी प्रोसेस ५० एमबी धरा. दहा जण एकदम आले की खेळ खल्लास. मेमरी संपली की लिनक्स सगळ्यात जाड प्रोसेस शोधून मारतो आणि ती बहुतेक वेळा डेटाबेसच असते. एका मंगल कार्यालयाच्या साइटवर तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात हे भोगलंय. दर तासाला उठून डेटाबेस चालू करत होतो. रॅम घ्या, जर्मनीची घ्या.

भुसावळ_जंक्शन
कसाले पैसा वाया घालस भो? भाव बदलतो दिवसातून एकदा, आणि तुम्ही येणाऱ्या प्रत्येकासाठी पान नव्यानं रांधताय. पंगतीत कोणी पानागणिक वांगं भाजतं का? भरीत एकदाच करायचं आणि वाढत सुटायचं. कॅशिंगचं, म्हणजे तयार पान साठवून ठेवायचं, प्लगइन टाका, तयार एचटीएमएल पान जाऊ द्या, डेटाबेसला हातच लागत नाही. आहे त्याच होस्टिंगवर भागेल. नाही भागलं तर मुंबईचा १ जीबी आणि एनजिनएक्स (हलका वेब सर्व्हर). पण आधी हे करा.

केळकर_नाही_केळीवाला
करून झालंय दादा. बऱ्हाणपूरचा भाव कधी कधी उशिरा येतो, मग सव्वासातला दुरुस्ती करावी लागते. कॅशमुळे निम्म्या लोकांना जुनाच भाव दिसत राहिला. एक व्यापारी बांधावर मोबाईल दाखवून जुन्या भावावर अडून बसला, शिव्या आम्हाला. भावाने त्याच रात्री कॅश काढून टाकली.

भुसावळ_जंक्शन
म्हणजे कॅश ठरावीक वेळानेच पुसली जाईल अशी मुदतीवर ठेवली होती. पोस्ट अपडेट झाली की त्या पानाची आणि मुखपृष्ठाची कॅश आपोआप पुसली जाईल अशी सोय प्लगइनमध्येच असते, ती चालू करा. मोबाईलच्या ब्राउझरला पान साठवायला सांगू नका, तिथे आपला हात पोचत नाही.

चोपडा_टू_पुणे
आणि कॅश पुसल्याच्या क्षणी दोनशे जण आले तर? तेव्हा रॅमच लागेल.

भुसावळ_जंक्शन
पहिल्या एक-दोघांना उशीर होईल, एवढंच.

चोपडा_टू_पुणे
पहिल्या एक-दोघांचं पान तयार होईपर्यंत बाकीचे दारात थांबत नसतात, तेही डेटाबेसलाच धडकतात. पण ठीक आहे, रोजची बोंब त्याने कमी होईल, हे मान्य.

नंदुरबारचा_मिरचीवाला
भांडण रंगलंय, पण पैसे कसे भरणार ते कोणी विचारलंच नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दर महिन्याला परस्पर पैसे कापून घेणं सोपं राहिलेलं नाही. बऱ्याच परदेशी कंपन्यांचं ऑटो-पेमेंट अडकतं. माझं अडकलं, मेल स्पॅममध्ये, आठवड्याने सर्व्हर डेटासकट साफ. बिल परकी चलनात, वर बँकेचा अधिभार, तो वेगळाच.

आणि बॅकअप. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, ज्यांच्या प्रती तिथेच होत्या त्यांचं सगळं गेलं. त्याच कंपनीतला स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे. रोज रात्री डेटाबेस काढून घरच्या कॉम्प्युटरवर उतरवा, तुमचा जेमतेम काही एमबीचा असेल.

धुळेकर_टर्मिनल
यूपीआयने भरता येतं, हा मुंबईच्या बाजूने आणखी एक मुद्दा. वर्षाचा प्लॅन मात्र घेऊ नका. पहिल्या वर्षीचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांची गाठ पडत नाही.

केळकर_नाही_केळीवाला
आज आहे त्याच होस्टिंगवर कॅश लावतो, दुरुस्तीला पुसायची सोय चालू करून. बसली तर मुंबईचा १ जीबी, महिन्याच्या हिशेबाने.

केळकर_नाही_केळीवाला
७.४०. साइट उभी आहे. बऱ्हाणपूरचा भाव अजून आलेला नाही, त्यामुळे खरी परीक्षा बाकी.