मदत हवी आहे: ६ व्होल्टच्या बीटलमध्ये १६००चं इंजिन, फ्लायव्हील अडतंय

गाडी १९६५ची बीटल. मूळ इंजिन १२०० सीसीचं, वायरिंग ६ व्होल्टची. त्या इंजिनाचं काम कधी पुरं होईल देव जाणे, तोवर गाडी चालती राहावी म्हणून नंतरचं ट्विन-पोर्ट १६०० आणलंय. फोक्सवॅगनचं कुठलंही इंजिन कुठल्याही बीटलला बसतं, असं सगळेच सांगतात. बोल्टपुरतं ते खरं निघालं. चारही भोकं बरोबर समोरासमोर आली. पण इंजिन गिअरबॉक्सला नीट टेकत नाही आणि पुली हाताने फिरवली की कर्र कर्र आवाज येतो. इंजिन पुन्हा खाली घेतलं, तर बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या तोंडाकडच्या आवरणाच्या) आत फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड दातेरी चाक) घासल्याचे ताजे चकचकीत ओरखडे.

दाते मोजले. नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलला १३०, जुन्याला १०९, म्हणजे नवं चाक मोठं. क्लच प्लेटही वेगळी, नवी २०० मिमीची आणि जुनी १८०ची.

जुनं फ्लायव्हील नव्या क्रँकला (इंजिनाच्या मुख्य शाफ्टला) लावून पाहिलं, चारही डॉवेल पिना (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) जुळतात. मात्र त्याला आतून ओ-रिंगची (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याची) खाच नाही, तिथे पूर्वी पातळ गॅस्केट होतं. असंच बसवलं तर तेल गळून क्लचवर येईल का? की हाउसिंग आतून ग्राइंड करून १३० दातेवालंच ठेवू? गिअरबॉक्स अजून मूळचाच आहे, त्याला ग्राइंडर लावायचं जिवावर येतं. आणखी एक, नव्या प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) मधोमध जुनीसारखी गोल रिंग नाही. माझं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) जुन्या पद्धतीचं, क्लिपांवर बसणारं आहे. चालेल?

प्रतिसाद १
चालणार नाही. जुन्या बेअरिंगला टेकायला ती रिंग लागतेच. १९७१ नंतरच्या गिअरबॉक्सात बेअरिंग एका नळीवरून सरकतं, म्हणून तिथे रिंग नसलेली प्रेशर प्लेट असते. इंजिन कितीही नवं असो, प्रेशर प्लेट गिअरबॉक्स बघून घ्यायची.

फ्लायव्हीलचं म्हणाल तर खाच नसलेलं चढवू नका. १०९ दाते, २०० मिमी क्लच आणि ओ-रिंगची खाच, असं तिन्ही एकत्र असलेलं मिळतं. ते हाउसिंगमध्ये न घासता फिरतं आणि तुमचा ६ व्होल्टचा स्टार्टरही तसाच राहतो. १८०ची प्लेट १६००ला लावणारे आहेत, पण चढावर घसरायला लागली की इंजिन परत खाली उतरवायचं. कशाला तो उद्योग?

प्रतिसाद २
मी ग्राइंडच केलं आणि गाडी उत्तम चालते, त्यामुळे दुसरी बाजूही ऐका. फार धातू काढावा लागत नाही. पण केसिंग मॅग्नेशियम मिश्रधातूचं आहे. कीस साठू देऊ नका, तो पेट घेतो आणि त्यावर पाणी मारलं की आणखी भडकतो. शिवाय १३० दात्यांना १२ व्होल्टचा स्टार्टर लागतो. त्याच्या शाफ्टचं टोक १०.९ मिमीचं आणि तुमच्या हाउसिंगमधला बुश (ते टोक ज्यात फिरतं ती बाही) १२.५ मिमीचा, म्हणजे मधे अडॅप्टर बुश आला. तुम्हाला वायरिंग ६ व्होल्टचीच ठेवायची असेल तर या वाटेला जाऊ नका.

धागाकर्ता
६ व्होल्टच ठेवायचं आहे, तेव्हा १०९वालं मागवतो. १६००वरची कॉइल, कार्ब्युरेटरचा ऑटो-चोक आणि आयडल बंद करणारा व्हॉल्व्ह, तिन्ही १२ व्होल्टची आहेत. बदलावी लागतील ना? आणि फ्लायव्हील बदललं तर त्यामागच्या जुन्याच शिम (पातळ चकत्या) चालतील का?

प्रतिसाद १
तिन्ही ६ व्होल्टची घ्या. नाहीतर चोक वेळेत उघडणार नाही आणि तुम्ही उगाच जेट साफ करत बसाल. डायनॅमोही जुना ६ व्होल्टचाच लावा. जुन्या आणि नव्या डायनॅमोचा व्यास आधी मोजा, फरक असेल तर स्टँड आणि पट्टाही जुनाच घ्यावा लागेल.

जुन्या शिम मात्र डोळे मिटून घालू नका. फ्लायव्हील बदललं की क्रँकचा एंड-प्ले (मागेपुढे सरकण्याची मोकळीक) बदलतो. ऑइल सील आणि ओ-रिंग न घालता आधी फक्त दोन शिम ठेवून फ्लायव्हील आवळा, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावा आणि क्रँक मागेपुढे ढकलून वाचन घ्या. त्यातून ०.१० मिमी वजा केले की तिसऱ्या शिमची जाडी मिळते. तिन्ही घातल्यावर ०.०७ ते ०.१३च्या आत यायला हवं. मधला ३६ मिमीचा नट सुमारे ३०० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो, त्याला लांब दांडा लागेल. त्या नटाच्या पोटात एक छोटं नीडल बेअरिंग असतं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात फिरतं. नट काढलाच आहे तर तेही बघून घ्या, आणि बसवताना चिमूटभरच ग्रीस लावा. जास्त झालं तर क्लचवर उडतं.