मदत हवी आहे: मुलीच्या पहिल्या शिकारीसाठी कोणते धनुष्य घ्यावे?

माझी 12 वर्षांची मुलगी येत्या हंगामात रीतसर परवान्यावर प्रथमच हरणाच्या शिकारीला येणार असून, तिच्यासाठी कंपाउंड धनुष्य (टोकांना कप्प्या असलेले आधुनिक धनुष्य) निवडताना आपले मार्गदर्शन हवे आहे. हरणासाठी अनेक ठिकाणी किमान 40 पौंड ताणाची (म्हणजे दोरी खेचायला लागणाऱ्या जोराची) अट असते. मात्र ती सध्या 30 पौंडांपर्यंतच दोरी सहज खेचते, त्यापुढे तिचा खांदा वर उचलला जातो आणि नेम ढळतो. ताण आणि खेचेची लांबी (दोरी किती मागे खेचली जाते ते अंतर) दोन्ही वाढवता येणारे धनुष्य आताच घ्यावे, की पुरेशी ताकद येईपर्यंत शिकारच पुढे ढकलावी? जनावर जखमी होऊन तडफडत राहू नये, ही माझी पहिली काळजी आहे. शिवाय ती उजव्या हाताची असली तरी तिचा प्रबळ डोळा (नेम धरताना ज्याचा कल वरचढ ठरतो तो) डावा आहे. अशा वेळी डावखुरे धनुष्य योग्य ठरेल का?