एफजी गाठीतून लीडर सुटला, काय चुकलं?

हतनूरकर (भुसावळ)
हतनूरच्या पाण्यात मरळ आणि कतला धरत वीस वर्षं गेली. दोन दोरे जोडणाऱ्या डबल युनी गाठीने तिथे कधी दगा दिला नाही. जानेवारीत पहिल्यांदा अंदमानला जीटीसाठी (जायंट ट्रेव्हली, मोठा समुद्री मासा) गेलो. ब्रेडेड (विणलेली) लाइन 80 पौंडांची, तिच्या टोकाला जोडलेला जाड नायलॉन दोरा म्हणजे लीडर 130 पौंडांचा, दोन्ही जोडणारी गाठ व्हिडिओ पाहून शिकलेली एफजी. दुसऱ्या सकाळी पॉपरवर (पाण्यावरचं नकली आमिष) असा मासा आला की रॉडचा दांडा पोटात रुतला. दहा-बारा सेकंद, आणि लाइन एकदम हलकी. लीडरसकट पॉपर त्याच्या तोंडात राहिला, याची रुखरुख अजून जात नाही. पुन्हा जाईन तर गाठ पक्की करूनच.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
भाऊ, परत आलेलं लाइनचं टोक सरळ होतं की कुरळं?

हतनूरकर
कुरळं. बोटभर, स्प्रिंगसारखं.

गिरणाकाठ
म्हणजे लाइन तुटली नाही, लीडर लाइनच्या वेढ्यांतून सरकून निसटला. प्रवाळावर कापली असती तर टोक सरळ आणि पिंजलेलं आलं असतं.

एफजीत लीडरला गाठ नसतेच, तो सरळ राहतो. म्हणून तर ती रॉडच्या कड्यांतून अलगद जाते. एवढ्या जाड लीडरला डबल युनी मारली तर तिचा गोळा अडकतो. विहिरीचा दोर ओंडक्याला चार वेढे दिले की एका हाताने भार पेलतो ना, तसं सगळं काम वेढ्यांच्या पकडीवर. वेढे रुतले नाहीत तर पकड नाही.

मी लाइन खिडकीच्या गजाला बांधून ताणतो. सैल लाइनवर एफजी होत नाही. लीडर एकदा वरून, एकदा खालून, असे वीस वेढे, एकावर एक न चढवता. मग मोकळ्या टोकाने लीडर आणि मुख्य लाइन दोन्हींवर दोन हाफ हिच (साधे अर्धे फास). आता थुंकी लावायची आणि जीव खाऊन ओढायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं, हात दुखला की थांबतात. लाइन हाताला गुंडाळू नका, कातडी कापते. लाकडी दांडकं घ्या. वेढ्यांचा रंग गडद झाला पाहिजे. फिकट राहिला तर तोडा आणि पुन्हा बांधा. नंतर आणखी हाफ हिच, लीडरचं टोक कापायचं, आणि शेवटच्या चार-सहा नुसत्या लाइनवर.

लायटर वापरत असाल तर जपून. ब्रेडेड लाइन पॉलिथिलीनची, नायलॉनच्या खूप आधी वितळते.

पांझरा (धुळे)
पीआर गाठही बघा. बॉबिन (लाइन गुंडाळायचं छोटं रीळ) लागतं, पण वेढे आपोआप एकसारखे घट्ट बसतात. मी घरून पीआर बांधून नेतो. बोटीवर तुटली तर मात्र एफजीच.

हतनूरकर
चार रात्री बांधतोय. अंगणातल्या लिंबाला 20 लिटरचा पाण्याचा जार लीडरने टांगतो, म्हणजे वीस किलो भार. पहिल्या तिन्ही वेळा जार खाली आला, टोक तसंच कुरळं. काल दांडकं घेऊन ओढली, वेढे काळपट हिरवे झाले. सकाळी पाहिलं, जार अजून लटकतोय.