मूळ मेसेज कोणाचा हे शोधायला सगळ्यांवरच खूण?

सातारकर:
२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियमांतला नियम ४(२) मला साफ नामंजूर आहे. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग ॲपने, आदेश आला की, मेसेज मुळात कोणी टाकला ते सांगायचं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. कंपनीचं काय व्हायचं ते होवो, मला काळजी आपल्या बोलण्याची आहे. उद्या कुठल्या मेसेजची चौकशी निघेल हे आज कोणालाच ठाऊक नसतं. म्हणजे आतापासूनच प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर, तो मुळात कोणाचा हे सांगणारी खूण हवी. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो काय कागदावर ठेवायला?

खानदेशी:
मी धुळ्याकडचा. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भर आठवडे बाजाराच्या दिवशी, डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती हो ती. अफवा मोबाईलवरूनच पसरली होती. ती पेटवणारा मोकळाच राहायचा का? शिवाय नियम नीट वाचा. गंभीर गुन्ह्यांपुरताच आहे, आणि मजकूर उघड करायला सांगितलेलं नाही.

सातारकर:
राईनपाडा आठवला की आजही पोटात कालवतं. पण त्या वर्षी देशभर फिरलेली मुलं पळवण्याची एक क्लिप मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या व्हिडिओतून कापलेली होती. आता याच नियमातलं पुढचं वाक्य बघा: मूळ पाठवणारा परदेशात असेल, तर भारतात ज्याने पहिल्यांदा टाकला तोच मूळ मानायचा. म्हणजे घाबरून "मुलांना सांभाळा" म्हणत क्लिप पुढे ढकलणारी एखादी आई सापडणार! कापणारा नाही. आणि ज्याला खरंच आग लावायची आहे तो स्क्रीनशॉट काढेल, एखादा शब्द बदलेल. नवा मेसेज, नवी खूण, माग तिथेच तुटला.

वैशाली_ठाणे:
लहान मुलांचे अश्लील फोटो फिरवणाऱ्यांचं काय? आई म्हणून मला हे सगळं तात्त्विक वाटतं. पोलिसांच्या हाती काहीतरी हवंच.

सातारकर:
वैशालीताई, हवंच. जप्त केलेला फोन, ग्रुपमधल्याच कोणी केलेली तक्रार, कोणी कोणाशी कधी संपर्क साधला याच्या नोंदी, हे आजही मिळतं. त्यासाठी सायबर शाखेत माणसं वाढवा, मी पाठीशी आहे. माझा विरोध आदेश कोण देणार यालाही आहे. न्यायालय देऊ शकतं, तसाच आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली गृहसचिवही देऊ शकतो. तिथे न्यायाधीश नाही.

खानदेशी:
मग न्यायाधीशाचा आदेश सक्तीचा करा. त्यासाठी नियमच का उडवायचा?

सातारकर:
कारण खूण आदेशाच्या आधीच मारलेली असते. अमेरिकेत पोलिसांसाठी फोन कंपन्यांत ठेवलेल्या टॅपिंगच्या वाटेपर्यंतच चिनी हॅकर पोचले, २०२४ मध्ये हे उघड झालं. न्यायाधीशाच्या सहीने ती वाट बंद होत नाही.

खानदेशी:
ही भीती खरी आहे, मानतो. तरी त्या पाच घरांना मी काय सांगू, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.