इलेक्ट्रॉन अ‍ॅपमध्ये लॉगिंग: त्यासाठी लायब्ररी हवीच कशाला?

सेमीकोलन
दुकानांसाठीचं बिलिंग अ‍ॅप, इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवायचा सांगाडा). टीम चार टाळक्यांची. नव्या मुलाने लॉगिंगसाठी, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी ठेवायला, विन्स्टन ही लायब्ररी आणली, वर फाइल फिरवायला (मोठी झाली की नवी सुरू करायला) आणखी एक पॅकेज. मी दोन्ही काढायला लावली आणि आता ऑफिसात माझ्यावर मागासलेपणाचा आरोप आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. पॅकेज केलेल्या अ‍ॅपमध्ये कन्सोल डॉट लॉगने लिहिलेलं हवेत जातं, तेव्हा फाइल हवी हे मान्य. पण वेळ, पातळी आणि मजकूर घेऊन फाइलच्या शेवटी एक ओळ चिकटवायची, हे इलेक्ट्रॉनसोबत येणाऱ्या नोडच्या 'एफएस' या फाइल-मॉड्यूलने होतं. लॉगचं फोल्डर कुठलं, ते इलेक्ट्रॉनचं गेटपाथ हे फंक्शन सांगतं. दहा-बारा ओळींचं काम, त्यात नमनालाच घडाभर तेल कशाला?

शिवाय जानेवारी २०२२ आठवा. टर्मिनलमधल्या अक्षरांना रंग देणाऱ्या 'कलर्स' पॅकेजच्या लेखकाने स्वतःच त्यात न संपणारी लूप घातली होती, आणि विन्स्टन त्याच कलर्सवर उभं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये फिशिंग मेलने देखभाल करणाऱ्याचं एनपीएम (पॅकेजांचं सार्वजनिक कोठार) खातं गेलं आणि 'चॉक', 'डीबग' या पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या बाहेर पडल्या. डीबग म्हणजे लॉगिंगचंच पॅकेज की!

घाटमाथा
विन्स्टन काढलंत ते बरंच केलंत, ते सर्व्हरच्या जगातलं. पण त्याचा राग सगळ्याच लायब्रऱ्यांवर का? 'इलेक्ट्रॉन-लॉग' याच कामासाठी आहे आणि त्याला स्वतःचं एकही अवलंबित पॅकेज नाही. कलर्सची गोष्ट तिथे लागूच होत नाही. लॉकफाइलमध्ये (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) आवृत्ती गोठवा आणि झोपा.

दहा ओळी दहाच राहत नाहीत, हे अनुभवी माणसाला सांगायला नको. तुमचं फंक्शन मेन प्रोसेसमध्ये, म्हणजे सगळं सांभाळणाऱ्या मुख्य प्रक्रियेत. खिडकीतला कोड रेंडरर या वेगळ्या प्रोसेसमध्ये, त्याला फाइल सिस्टिम थेट मिळत नाही. इलेक्ट्रॉनच्या बाराव्या आवृत्तीपासून कॉन्टेक्स्ट आयसोलेशनही (खिडकीतला कोड प्रीलोडपासून वेगळा ठेवणं) डीफॉल्टने चालू. म्हणजे प्रीलोड (दोघांमधला पूल बांधणारी स्क्रिप्ट) आलं, आयपीसी (प्रोसेसमधली निरोपांची देवाणघेवाण) आलं. मग फाइल फुगते. इलेक्ट्रॉन-लॉग एक एमबी झाली की जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करतं. तुम्ही ते पुन्हा लिहिणार?

सेमीकोलन
लिहिणार. अ‍ॅप सुरू होताना आकार तपासायचा, मोठी असेल तर नाव बदलायचं. प्रीलोडमध्ये एक फंक्शन. झाली वीस ओळी. पण त्या वीसही माझ्या वाचलेल्या असतील. तुमच्या लॉकफाइलमधलं पॅकेज तुम्ही उघडून बघितलंय का कधी?

घाटमाथा
नाही. इलेक्ट्रॉन तरी तुम्ही कुठे उघडून बघितलंय?

अनुस्वार
दोघंही एक गोष्ट विसरताय. सेमीकोलनभाऊ, तुमचं अपेंडफाइलसिंक असणार, म्हणजे लिहून होईपर्यंत बाकी सगळं थांबवणारं. मेन प्रोसेसवर खिडक्या, मेन्यू, आयपीसी असं सगळं एकाच धाग्यात चालतं. एक्सेलमधून मालाची यादी आयात करताना प्रत्येक ओळीला लॉग केलंत, आणि दुकानात जुनी हार्ड डिस्क, वर अँटिव्हायरस असला, की खिडकी 'नॉट रिस्पॉन्डिंग'. स्ट्रीम वापरा, ती कुणाला न थांबवता मागे लिहिते.

सेमीकोलन
स्ट्रीम वापरली आणि अ‍ॅप कोसळलं, की बफरमधल्या (अजून लिहायच्या राहिलेल्या) शेवटच्या ओळी गेल्या. आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. हजार ओळींच्या आयातीला हजार लॉग लागत नाहीत. सुरुवात, शेवट आणि चुकलेल्या ओळी पुरेत. आणि घाटमाथ्यांचं इलेक्ट्रॉन-लॉगही डीफॉल्टने सिंकच लिहितं, त्यांना विचारा.

मध्यरात्रीचा चहा
मी सपोर्टला बसते. तुमच्या भांडणातून निघालेल्या फाइली शेवटी माझ्याकडे येतात, म्हणून बोलते. दुकानदार सांगतात, "ताई, सव्वा अकराला बिल छापलंच नाही." फाइलमध्ये सव्वा अकराला काहीच नाही. वर शोधत गेल्यावर हे सापडतं:

०५:४७:१२ एरर प्रिंट फेल {}

वेळ यूटीसी, म्हणजे साडेपाच तास मागे. आणि तो रिकामा महिरपी कंस! जेसन-स्ट्रिंगिफायमध्ये (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारं फंक्शन) एरर ऑब्जेक्ट घातला की हेच मिळतं, कारण मेसेज आणि स्टॅक (चूक कुठून आली त्याचा माग) हे त्याचे न मोजले जाणारे गुणधर्म, ते मजकुरात येतच नाहीत. प्रिंटरला कागद नव्हता की ड्रायव्हर नव्हता, देव जाणे. स्वतःचं फंक्शन लिहिणाऱ्या प्रत्येकाचं घोडं इथेच पेंड खातं.

दुसरं म्हणजे फाइल असते अ‍ॅपडेटामध्ये. ते फोल्डर विंडोजमध्ये लपवलेलं. फोनवर दुकानदाराला तिथे नेणं म्हणजे माझं जेवण गार. व्हीएस कोडमध्ये लॉगचं फोल्डर उघडायची कमांड आहे, तशी एक मदत मेन्यूत द्या ना!

आणि त्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्यात गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर, उधारीचे आकडे. २०१८ मध्ये ट्विटरने तेहतीस कोटी लोकांना पासवर्ड बदलायला सांगितलं, ते अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे लिहिले गेले म्हणूनच. लायब्ररी कुठलीही घ्या, अख्खा बिल ऑब्जेक्ट लॉगमध्ये ओतू नका. बिल नंबर पुरतो.

घाटमाथा
चहाताई, पहिला मुद्दा माझ्याच बाजूचा. इलेक्ट्रॉन-लॉग स्थानिक वेळ लिहितं आणि एररचा स्टॅकही. अजून एक: जिथे कुणी लॉग लिहिलंच नाही तिथे फुटलं तर? मेन प्रोसेसमधली न पकडलेली चूक इलेक्ट्रॉन डायलॉगमध्ये दाखवतं. तुम्ही अनकॉट-एक्सेप्शन ही त्या चुकीची घटना ऐकायला बसलात की तो डायलॉग येणं बंद. म्हणजे लॉग झाला, पण दुकानदाराला काही कळलंच नाही आणि अ‍ॅप अर्धमेलं चालत राहिलं.

सेमीकोलन
म्हणून तिथे लॉग लिहायचा, स्वतः डायलॉग दाखवायचा आणि अ‍ॅप बंद करायचं. खिडकीची प्रोसेस मेली तर रेंडर-प्रोसेस-गॉन ही घटना ऐकायची. लायब्ररी घेतली तरी या वेळी काय करायचं ते आपणच ठरवणार ना?

स्टॅक आणि स्थानिक वेळ आज घालतो, मेन्यूही. लायब्ररीबद्दलचं मत तेच.

अनुस्वार
एकूण किती ओळी झाल्या आता?

सेमीकोलन
साठ. तरी माझ्याच.