पेन्सिलवाला मास्तर

पेरूचा पेद्रो कास्तियो निव्वळ नशिबाने राष्ट्राध्यक्ष झाला, असं अनेकदा म्हटलं जातं; हे मत मला अर्धंच पटलं. नशीब होतंच. 2021च्या पहिल्या फेरीत उमेदवारांची इतकी गर्दी होती की जेमतेम 19 टक्के मतांवर गडी पहिला आला. पण त्यामागची तयारीही बघा ना! काहामार्का प्रांतातल्या पुन्या गावचा हा प्राथमिक शिक्षक. 2017मध्ये पगारवाढीसाठी आणि शिक्षकांच्या मूल्यमापनाविरुद्ध संप झाला, तेव्हा सुतेप या मुख्य शिक्षक संघटनेचं नेतृत्व बाजूला सारून जिल्ह्याजिल्ह्यातले मास्तर त्याच्यामागे आले. खेड्यापाड्यात पोहोचलेली ही माणसं कुठल्या पक्षाला फुकट मिळतात?

निवडणूक चिन्ह पेन्सिल, डोक्यावर रुंद काठाची हॅट, आणि घोषणा ‘श्रीमंत देशात आता गरीब नकोत’. दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी उमेदवार केइको फुजिमोरीला त्याने सुमारे 44 हजार मतांनी हरवलं.

पुढे मात्र सगळा आनंद. दीड वर्षही पुरतं झालं नाही, तोवर पाच पंतप्रधान! संप चालवताना अडून बसणं कामी येतं. संसदेत बहुमत नसताना तडजोडी कराव्या लागतात, तिथे मास्तर कच्चे निघाले. 7 डिसेंबर 2022ला महाभियोगावर मतदान व्हायचं होतं, त्याआधीच यांनी टीव्हीवरून संसद बरखास्तीची घोषणा केली. लष्कराने साथ दिली नाही. संसदेने त्याच दिवशी हटवलं आणि मेक्सिकोच्या दूतावासाकडे जाताना वाटेतच अटक झाली.